आधी ऐकू, मग खोलू

बिघडलेल्या गाडीसमोर येऊन उभे राहिले की ते पहिल्यांदा दोन्ही हात पाठीमागे बांधत. पान्हा नाही, पेचकस नाही, बॉनेट उघडणं नाही. कवायतीत विश्रामचा हुकूम मिळाल्यासारखे पाय थोडे फाकवून उभे, मान किंचित डावीकडे कललेली, आणि नजर गाडीवर नव्हे, ड्रायव्हरवर. कुणी घाई केली की एवढंच म्हणत, “आधी ऐकू, मग खोलू.”

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. आपण घामाघूम होऊन धावपळ करतो आणि हा बाबा शांत उभा. तुम्हाला त्याचा राग येतो की नाही ते माहीत नाही, मला यायचा. भयंकर यायचा.

त्या वेळी मी दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कार्यालयाच्या वाहन विभागात होतो. सरोजिनी नगरात सरकारी क्वार्टर, डब्यात पोळीभाजी, आणि फाइलीवर टिपणी लिहिण्याची जी हातोटी होती तिचा जबरदस्त अभिमान. साहेब लोक म्हणत, “मराठी बाबू का ड्राफ्ट है, काटने को कुछ मिलता ही नहीं.” हे वाक्य मी घरी येऊन बायकोला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी ती म्हणाली, “अच्छा, मग आज भाजी आणायची टिपणी तुम्हीच लिहा आणि तुम्हीच मंजूर करा.”

हे गृहस्थ आमच्या सरकारी वर्कशॉपात इलेक्ट्रिशियन होते. माणदेशातून फौजेत गेलेले, फौजेच्या वर्कशॉपात ट्रकच्या वायरींशी उमेदीची सगळी वर्षं घालवलेली, आणि पेन्शन घेऊन मग आमच्याकडे लागलेले. सगळे त्यांना हवालदार म्हणत. छावणीच्या पलीकडे दोन खोल्यांत ते आणि वहिनी राहत. मुलगी पहाडगंजच्या मराठी शाळेत जाई. इतकी वर्षं उत्तरेत काढूनही त्यांची हिंदी गावाकडच्या मातीतच उभी होती. “मेरे को समज में आया, पर तेरे को समज में आया का?” असं ते सरदारजी मिस्त्रींना खुशाल विचारत, आणि सरदारजीही गंभीरपणे मान हलवत.

त्यांची माझी खरी ओळख वर्कशॉपात नाही, गणपतीत झाली. पहाडगंजला आम्हा मराठी मंडळींचा उत्सव होता, आणि त्या वर्षी एक चमत्कार सुरू झाला. भाषणं, नाट्यछटा, मुलींची गाणी, सगळं झगझगीत उजेडात पार पडे. आरती सुरू झाली की दोन कडव्यांत दिवे गुल! आरती संपून मंडळी प्रसादाकडे वळली की दिवे परत हजर. दिवेवाल्या ठेकेदारानं सगळे बल्ब बदलले, फ्यूज बदलला, शेवटी स्वतःचा माणूसही बदलला. एका आजोबांनी तर चिटणीसांच्या आचरणाकडे बोट दाखवायला सुरुवात केली.

हवालदार दोन संध्याकाळी मागच्या खांबाशी हात पाठीमागे बांधून नुसते उभे होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी चिटणीसांना विचारलं, “भाषणाला स्टेजवर मानसं किती असत्यात? आन् आरतीला किती?”

लोक हसले. मीही हसलो. पण त्यांनी आमच्यातले आठ धष्टपुष्ट गृहस्थ निवडले. निवड करताना ते आमच्या पोटांकडे ज्या नजरेनं बघत होते ती मी विसरलेलो नाही. आम्हाला त्यांनी भर दुपारी, आरतीबिरती काही नसताना, मूर्तीजवळ गोळा करून उभं केलं. दिवे गेले. आम्ही खाली उतरलो. दिवे आले. फळीखालून गेलेल्या वायरीचा एक जोड आमच्या वजनानं सुटत होता. चिटणीसांचं आचरण त्या दिवसापासून निर्मळ ठरलं.

“गाडी काय आन् दिवा काय,” हवालदार प्रसादाचा पेढा खात म्हणाले, “खोटं बोलत न्हाई. निस्तं अर्धंच सांगतंय.”

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

आमच्याकडे एक मोठा ट्रक होता, मागे खोलीसारखी बॉडी बांधलेला. त्यात छातीचे फोटो काढायचं यंत्र होतं. दिल्लीच्या कडेकडेच्या गावांत आणि वसाहतींत जाऊन क्षयाचे रोगी शोधायचे, हे त्या गाडीचं काम. वार ठरलेले होते. सोमवारी नजफगढच्याही पुढचं एक गाव, तो सगळ्यांत लांबचा फेरा. गाडी आमच्या क्वार्टरांजवळच्या एका सरकारी आवारात उभी असायची, आणि ती चालवायचा जयपाल.

जयपाल बहादुरगडकडचा जाट. उंच, अबोल, गाडी स्वतःच्या म्हशीसारखी धुऊन पुसून ठेवणारा. तो अजून कायम झालेला नव्हता. प्रोबेशनचा काळ संपत आला होता आणि त्याची कायम होण्याची फाइल माझ्याच टेबलावरून जायची होती.

डिसेंबरात गाडीचं बिनसलं. सकाळी किल्ली फिरवावी तर आतून एक ‘टक्’ आणि पुढे शुकशुकाट. रोज नाही हं. चार दिवस पहिल्या फटक्याला सुरू, पाचव्या दिवशी टक्. एवढं मोठं धूड ढकलून सुरू करायचं म्हणजे गंमत नव्हती. जयपाल फोन करी, वर्कशॉपातून मिस्त्री येईपर्यंत नऊ-साडेनऊ होत, ऊन वर आलेलं असे. मिस्त्री किल्ली फिरवी आणि गाडी गुर्र करून चालू. मिस्त्री जयपालकडे बघे, मग माझ्याकडे बघे, आणि आपली पिशवी उचले. लांबचा फेरा असला तर तोवर रद्दच झालेला असे.

तरी काही करायचं राहिलं नव्हतं. बॅटऱ्या नव्या बसवल्या. इंजिन फिरवणारी मोटर, तिला सगळे सेल्फ म्हणतात, ती करोल बागेतून नवी आणली. किल्लीचा स्विच बदलला. दर वेळी आठवडाभर बरं आणि मग पुन्हा टक्.

मी माझ्या पद्धतीनं तपास केला. म्हणजे लॉगबुक मागवलं आणि तक्ता केला. गाडी बंद पडलेले बहुतेक दिवस सोमवार निघाले. सोमवार म्हणजे लांबचा फेरा, खराब रस्ता, परतायला संध्याकाळ. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी टिपणी लिहिली की वाहनात दोष असता तर तो वार पाहून प्रकट झाला नसता; सबब चालक लांबचा फेरा टाळण्यासाठी वाहन बंद असल्याचं भासवतो असं मानण्यास जागा आहे. ‘वार पाहून’ हे शब्द मला इतके आवडले की मी ते दोनदा वाचले. साहेबांनाही आवडले. जयपालला कारणे दाखवा नोटीस गेली, आणि जानेवारीच्या एका शुक्रवारी त्याच्या नोकरीचा निकाल लावायचं ठरलं. निकाल काय लागणार ते सगळ्यांना दिसत होतं.

जयपाल नोटीस घेऊन माझ्या टेबलाशी आला. “साहब, सोमवार को क्यों नहीं चलती, मैं क्या बताऊँ? गाड़ी से पूछो,” एवढंच म्हणाला आणि गेला. मला तो उद्धटपणा वाटला.

गाडीला खरंच विचारणारा माणूस आमच्या वर्कशॉपात होता, पण आतापर्यंत तो रजेवर गावी गेला होता. हवालदार परत आले आणि ती फाइल त्यांच्याकडे गेली. त्यांनी गाडी मागवली. अर्थातच ती आपल्या पायांनी चालत, ठणठणीत, वर्कशॉपात आली. हवालदारांनी हात पाठीमागे बांधले आणि जयपालला विचारलं, “सोमवारच्या आधी क्या होता है?”

“इतवार, साहब.”

“इतवार को गाडी क्या करती है?”

“खड़ी रहती है. शनिवार शाम से.”

हवालदारांनी माझा तक्ता हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, “साहेब, तक्ता लई ब्येस केलाय. माझं निम्मं काम तुमीच केलंत. शनवार रातीपासनं गाडी थंडीत हुभी. थंड इंजिन फिरवायला करंट लई लागतो. सोमवारी ती सगळ्यात गार असती.”

माझाच तक्ता, माझेच सोमवार, आणि हा माणूस त्यातून भलतंच वाचत होता. मी म्हटलं, “असेल. पण मग दोष कुठे आहे?”

“ते ती सांगंल. आपन तिला इथं बोलावतो, म्हनून सांगत न्हाई. येईस्तवर गरम हुती ना.”

त्यांनी त्या दिवशी गाडीतलं काहीही खोललं नाही. फक्त एक छोटा बल्ब ड्रायव्हरच्या समोर बांधला आणि त्याची वायर खाली सेल्फच्या तोंडापर्यंत नेली. किल्लीचा हुकूम सेल्फपर्यंत पोचला की बल्ब लागणार, नाही पोचला तर नाही लागणार. जयपालच्या हातात एक शाळेची वही दिली. गाडी सुरू झाली नाही की काय काय दिसलं, काय ऐकू आलं, बल्ब लागला की नाही, सगळं लिहायचं. “जो भी होएगा, लिख. फालतू लगेगा तो भी लिख.”

पंधरा दिवसांत गाडी तीनदा अडली. तिन्ही वेळा वहीत एकच ओळ होती: बत्ती जली, गाड़ी नहीं चली. म्हणजे हुकूम पोचत होता, सेल्फ नवी होती, बॅटऱ्या नव्या होत्या, आणि तरीही टक्. मी मनात म्हटलं, चला, हवालदारही हरले. निकालाचा शुक्रवार आठवड्याच्या आत आला होता.

हवालदारांनी मला निरोप पाठवला, सोमवारी सकाळी सहाला गाडीजवळ या. मी फोनवर म्हटलं, “माझं तिथे काय काम?”

“ज्यानं लिव्हलंय त्यानं बगाया पायजे, साहेब.”

जानेवारीतली दिल्लीची सकाळ. धुकं इतकं की आवाराचं फाटक हाताला लागेपर्यंत दिसलं नाही. हवालदार छावणीपासून सायकल मारत आले होते, मफलर कानांवरून बांधलेला, मिशांवर दव. जयपाल केबिनमध्ये बसला होता. मला बघून त्यानं तोंड फिरवलं. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

“घुमा,” हवालदार म्हणाले.

टक्. बल्ब लख्ख पेटला. इंजिन हललं नाही.

“फिर घुमा.”

टक्.

हवालदार पायरीवर चढून जयपालच्या तोंडाजवळ तोंड नेत म्हणाले, “अब बता. वही में नहीं लिखा ऐसा क्या होता है?”

“सब लिखा है साहब.”

“सब नहीं लिखा. फालतू बोल.”

जयपालनं चोरट्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं. “हँसोगे आप लोग.”

“नहीं हसेगा.”

“वो इंजन बंद करने वाली तार है न... वो गरम हो जाती है.”

मी हसलो. खोटं कशाला सांगू? त्या गाड्यांत इंजिन बंद करायला एक मूठ ओढावी लागे, तिच्यातून एक तार थेट इंजिनापर्यंत गेलेली असे. सायकलच्या ब्रेकची असते तशी साधी तार. तिच्यात ना वीज, ना दिवा. इंजिन सुरूच होत नाही आणि बंद करायची तार गरम! मला वाटलं, बिचाऱ्याची आता मतीच चालेनाशी झाली.

हवालदार हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला, ती मूठ पकडली, तारेवरून बोटं फिरवली आणि तशीच ठेवली. “घुमा.” टक्. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “साहेब, हात लावा.”

मी लावला. सगळी गाडी बर्फासारखी गार, दाराची कडी हाताला डसत होती, आणि ती बारकी तार कोमट होती. जित्या माणसाच्या मनगटासारखी कोमट.

“करंट बॅटरीतनं सेल्फकडं जातोय,” हवालदार आता भराभर बोलू लागले, “पर गेलेल्यानं माघारी बी याया पायजे का न्हाई? माघारी यायला मोठी वाट आसती, इंजिनापासनं चासीपर्यंत, म्हंजी गाडीच्या सांगाड्यापर्यंत, एक जाड पट्टी. ती बंद झालीय. म्हनून ह्यो गडी चोरवाटंनं येतोय, ह्या तारंतनं. एवढ्या बारक्या तारंतनं किती येनार? इंजिन गरम आसलं तर थोडक्यात भागतं. गार आसलं तर न्हाई.”

त्यांनी एक जाड वायर काढली, तिचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं चासीला घट्ट बांधलं. “घुमा.”

गाडी पहिल्या फटक्याला सुरू झाली. धुक्यात तो आवाज इतका मोठा वाटला की शेजारच्या क्वार्टरात कुणीतरी खिडकी उघडली. जयपालनं स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. हवालदारांनी त्याच्या पाठीवर एक जोरदार थाप मारली आणि ओरडले, “तू बोला नहीं पहिले, गधे!”

“बोला था साहब,” जयपाल म्हणाला. “किसी ने लिखा नहीं.”

बोलला होता. मलाच बोलला होता, डिसेंबरात. लिहिण्यालायक नाही म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

हवालदार गोणपाट टाकून गाडीखाली सरकले. थोड्या वेळानं त्यांनी मला खाली वाकायला सांगितलं. पट्टी जिथे चासीला बोल्टनं बसते तिथला बोल्ट त्यांनी काढला होता आणि टॉर्चचा उजेड धरला होता. पट्टीच्या खाली, जिथे लोखंडाला लोखंड भिडायला हवं, तिथे सुंदर, चकचकीत, आकाशी रंग होता. पट्टी सोडवून कुणीतरी खाली रंग दिला होता आणि वाळल्यावर वरून पुन्हा कसली होती. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांतून जेवढी सरके तेवढ्यावर गाडी दिवस काढत होती.

“ह्यो रंग कवा दिला?” हवालदारांनी विचारलं.

मला माहीत होतं. नोव्हेंबरात एक बडे पाहुणे ही गाडी बघायला येणार होते. आपल्याकडे पाहुणा येणार म्हटलं की आधी रंग. वर्कशॉपाकडे गेलेला तो मागणीचा मसुदा मी लिहिला होता: गाडी आतून-बाहेरून, खालून-वरून संपूर्ण रंगवून मिळावी. ‘खालून’ची काही गरज नव्हती. पाहुणे काही गाडीखाली झोपून बघणार नव्हते. पण वाक्याला तोल यावा म्हणून मी तो शब्द घातला होता, आणि ठेकेदारानं माझा शब्द न् शब्द पाळला होता.

मी म्हटलं, “नोव्हेंबरात.” हवालदारांनी गाडीखालूनच एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग कानस घेऊन रंग खरवडायला लागले.

गाडी तयार झाली तेव्हा सात वाजले होते. हवालदार हात पुसत म्हणाले, “साहेब, तुमी आज ह्याच्यासंगं जावा.” का, हे त्यांनी सांगितलं नाही. मी गेलो.

इतकी वर्षं त्या गाडीचे कागद मी हलवले होते, गाडीबरोबर कधी गेलो नव्हतो. धुकं उठत होतं, दोन्ही बाजूंना मोहरी पिवळी झाली होती. गावाच्या शाळेसमोर लोक आधीच रांगेत बसले होते. घोंगड्या, गोधड्या, खोकला. एक म्हातारी जयपालला बघून उठली आणि म्हणाली, “आ गया बेटा? दो बार आके लौट गई मैं.” ती सून घेऊन आली होती. सून पंचविशीची असेल, तोंडाला पदर लावून दर दोन मिनिटांनी खोकत होती. दोन सोमवार ती चार कोस चालत येऊन परत गेली होती. माझ्या तक्त्यात ते दोन सोमवार होते. ती नव्हती.

त्या दिवशी तिचा फोटो निघाला. पुढे कळलं की डाग होता, पण वेळेत सापडला. उपचार सुरू झाले आणि वर्षाच्या आत ती बरी होऊन शेतावर जायला लागली. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण त्या सोमवारी मला ते माहीत असतं तर पुढचे दिवस थोडे सोपे गेले असते.

संध्याकाळी ऑफिसात आलो तर टेबलावर वर्कशॉपचं कार्ड येऊन पडलं होतं. हवालदारांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: पट्टी साफ करून बसवली, गाडी ठीक. त्याच्या खाली ‘दोषाचे कारण’ असा रकाना होता. तो कोरा होता. हवालदार रकाना कधी कोरा सोडत नसत.

मी टिपणी लिहायला घेतली. रंगकामाच्या वेळी ठेकेदाराच्या हलगर्जीपणामुळे, असं छान वाक्य आलं. त्यात खोटं काही नव्हतं. जयपाल सुटला असता, असं मी स्वतःला सांगितलं. पण तसं नव्हतं. साहेब विचारणार होते, गाडीत दोष नाही असं तुम्हीच लिहिलं होतं ना? ड्रायव्हरनं तार गरम होते असं सांगितल्याची नोंद कुठे आहे? ती नोंद फक्त मीच देऊ शकत होतो. ती दिली की माझी आधीची टिपणी, माझा रंगाचा मसुदा, आणि माझं तोंडावर आलेलं प्रमोशन, सगळं एका धाग्यानं ओढलं जाणार होतं.

मंगळवार गेला. बुधवार गेला. कागद ड्रॉवरमध्ये होता. बायकोनं विचारलं, “जेवणात लक्ष का नाही?” मी तिच्यावर उगाच खेकसलो. हवालदारांचा फोन नाही, निरोप नाही. जयपाल रोज सकाळी चाव्या न्यायला यायचा, “नमस्ते साहब” म्हणायचा आणि जायचा. मला वाटे, याला बिचाऱ्याला त्या रंगाचं काही ठाऊकच नाही.

गुरुवारी दुपारी मी पहिला कागद फाडला. मग लिहिलं. चासीसह रंगवण्याची मागणी माझ्या मसुद्यानुसार झाली. त्यामुळे पट्टीखाली रंग गेला. तार गरम होत असल्याचं चालकानं मला डिसेंबरातच सांगितलं होतं. मी त्याची नोंद घेतली नाही. चालकाविषयीची माझी पूर्वीची टिपणी चुकीची असून ती मी मागे घेतो. इतका कच्चा ड्राफ्ट मी आयुष्यात लिहिला नव्हता. एकही वाक्य दोनदा वाचावंसं वाटलं नाही.

साहेबांनी चष्मा काढला. “आपने अपने ही ख़िलाफ़ नोट लिखा है?”

“जी.”

“पच्चीस साल में पहली बार देख रहा हूँ,” ते म्हणाले, आणि नोटीस मागे घेण्याच्या आदेशावर सही केली. माझ्याबद्दलही त्यांनी कुठेतरी काहीतरी लिहिलं असणारच, कारण प्रमोशन पुढे दोन वर्षं लांबलं. पण त्या संध्याकाळी मला हलकं वाटत होतं, खरोखर हलकं. मी वर्कशॉपात फोन लावला आणि हवालदारांना म्हटलं, “लिहिलं.”

ते म्हणाले, “बरं.” आणि नंतर, “रविवारी घरी जेवाया या. वहिनींना बी आना.”

आम्ही गेलो. बाजरीची भाकरी, ठेचा, वांगं. हवालदार त्या विषयावर अवाक्षर बोलले नाहीत. मुलीच्या शाळेतल्या बाईंना ‘उंबरा’ हा शब्द मुलांना समजावून सांगायला चित्र काढून दाखवावं लागतं, यावर मात्र ते तासभर हळहळले.

पुढे ते निवृत्त होऊन गावी गेले. दोन-तीन पत्रं आली. इथं ट्रक नाहीत पण विहिरीवरच्या मोटारी पुष्कळ आहेत, लोक बोलावतात, मी जाऊन ऐकतो, असं एकात होतं. मग एकदा त्यांच्या मुलीचं पत्र आलं. बाबा गेले, शेवटपर्यंत हिंडतेफिरते होते, असं तिनं लिहिलं होतं. मी ते पत्र ऑफिसात जयपालला वाचून दाखवलं. तो तोवर कायम होऊन जुना झाला होता, कानांवरचे केस पिकले होते. त्यानं डोळे पुसले, लपवले नाहीत.

त्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, “जयपाल, वो रंग मैंने लगवाया था.”

“पता था, साहब.”

“कब से?”

“उसी सोमवार की शाम से. हवलदार साहब ने बता दिया था. मैं तो बड़े साहब के पास चल दिया था. हाथ पकड़ के बिठा लिया. बोले, सुक्कर तक रुक. साब लिखेगा.”

मी विचारलं, “और नहीं लिखता तो?”

“तो मेरी अर्जी तैयार थी. उन्होंने ही लिखवाई थी, आपका नाम डाल के. चार दिन जेब में ले के घूमे. बृहस्पत को आपका फोन आया, तब मैं वहीं बैठा था. फोन रखा, अर्जी फाड़ी, और बोले, चल, चाय पी.”

ते चार दिवस मी लिहीन की नाही, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. हवालदार मात्र शुक्रवारपर्यंत थांबायला तयार होते.